युजनेटच्या जुन्या पोस्ट शोधताय? मग या चुका टाळा

वेब यायच्या आधी लोक ऑनलाइन काय बोलायचे, कशावरून भांडायचे हे बघायचं तर युजनेटसारखा खजिना नाही. युजनेट म्हणजे विषयवार ग्रुपमध्ये पोस्ट टाकायची, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर फिरणारी चर्चेची जुनी व्यवस्था. १९७९ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या दोन विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली, १९८० मध्ये ते सुरू झालं. पण बरेच जण सर्चमध्ये एक शब्द टाकतात, काही येत नाही आणि सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सापडलं नाही तर तसं काही नव्हतंच असं धरून चालणं. अहो तेव्हा डिस्क महाग होत्या, सर्व्हरवर पोस्ट काही दिवस नाहीतर आठवडे राहायची आणि उडायची. १९८१ ते १९९१ मधलं आज जे मिळतं त्यातलं बरंचसं टोरंटो युनिव्हर्सिटीच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी मॅग्नेटिक टेपवर जपलं म्हणून, साधारण २० लाख पोस्ट, केवढं मोठं काम आहे हे! १९९५ पासून युजनेटच्या पोस्ट साठवून शोधू देणारं डेजान्यूज आलं, २००१ मध्ये ते गूगलने घेतलं. गूगल ग्रुप्सवर २२ फेब्रुवारी २०२४ पासून युजनेटच्या नवीन पोस्ट येत नाहीत, जुन्या मात्र शोधता येतात. आणि काहींनी पोस्ट साठवू नका अशी खूण हेडरमध्येच (पोस्टच्या वरच्या माहितीच्या ओळींत) टाकलेली असायची, त्या गेल्याच.

दुसरं, ग्रुपचं नाव. १९८७ च्या सुमारास बहुतेक ग्रुपची नावं बदलली, त्यामुळे 'सोक डॉट कल्चर डॉट इंडियन'मध्ये १९८५ चं शोधून उपयोग नाही, तेव्हा ते 'नेट डॉट एनलँग डॉट इंडिया' होतं.

मराठी शोधणाऱ्यांनी हे तर नक्की वाचा. 'सोक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' नावाचा ग्रुप होता, पण त्या काळच्या पोस्ट देवनागरी टाकून शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण लोक रोमनमध्येच टाइप करायचे, कुणी 'आहे'ला एक ए लावायचं, कुणी दोन, आणि आयट्रान्स (देवनागरी रोमनमध्ये लिहायची एक पद्धत) वापरणारे मधेच कॅपिटल अक्षरं घालायचे. म्हणून एकाच शब्दाची चार-पाच स्पेलिंग करून बघा, किंवा गावाचं, नाटकाचं नाव टाका, तिथे स्पेलिंग कमी बदलतं.

पाठवणाऱ्याच्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १ एप्रिल १९८४ ला चक्क सोव्हिएत नेते चेर्नेंको यांच्या नावाने क्रेमव्हॅक्स नावाच्या मशीनवरून पोस्ट आली, ती पीट बेर्टेमा यांनी केलेली गंमत होती आणि कितीतरी जण फसले. अशा पोस्टखालची उत्तरं वाचा, खरं काय ते बऱ्याचदा तिथेच निघतं.

उत्तर आधी आणि प्रश्न नंतर दिसला तर अर्काइव्ह बिघडलंय असं समजू नका, फोन लाइनवरून मशीन टू मशीन फिरत पोस्ट पोचायला कधी कधी दिवस जायचे. तारखेपेक्षा हेडरमधल्या मेसेज-आयडी (प्रत्येक पोस्टची स्वतःची ओळख) आणि रेफरन्सेस (ती आधीच्या कुठल्या पोस्टना उत्तर आहे ते) यांवरून धागा जुळवा. एकच पोस्ट चार ग्रुपमध्ये दिसली तरी मेसेज-आयडी एकच असेल तर ती एकदाच मोजायची. अक्षरांची नुसती खिचडी दिसली तर रॉट१३ करून, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षर १३ जागा सरकवून बघा, जोकचा शेवट लपवायला ते वापरायचे.

आणि प्लीज, पोस्टच्या शेवटी असलेल्या सिग्नेचरमधले फोन नंबर, पत्ते असलेले स्क्रीनशॉट टाकू नका. ती माणसं आजही असतील, आणि आपलं लिहिलेलं दोनेक आठवड्यांत पुसलं जाईल असं समजूनच त्यांनी ते लिहिलं होतं.