रिस्ट शॉट: पकला फटका मारू नका, ओढून फेका

आइस हॉकी नव्याने खेळणारे पकवर, म्हणजे या खेळातल्या रबरी चकतीवर, स्टिक आपटतात आणि तिथेच ताकद वाया जाते. रिस्ट शॉटसाठी, म्हणजे मनगटांनी पक ओढून फेकण्यासाठी, तो मागच्या पायाजवळ, स्टिकच्या ब्लेडच्या (खालच्या चपट्या भागाच्या) टाचेकडे, म्हणजे दांड्याकडच्या बाजूला घ्या. तिथून बर्फावरून पुढे ओढताना अंगाचा भार पुढच्या पायावर येऊ द्या. खालचा हात दांडा दाबतो, वरचा स्वतःकडे खेचतो. दांडा किंचित वाकतो आणि सरळ होताना १७० ग्रॅमच्या त्या रबरी चकतीला झेप देतो. पक ब्लेडच्या टोकाकडे घरंगळत सुटला, तरच त्याला गिरकी मिळते आणि तो हवेत डगमगत नाही. नजर गोलवर ठेवा. मनगटं वळवल्यावर ब्लेडचं टोक जिकडे रोखलेलं, पक तिकडेच जातो. स्लॅप शॉटचा, म्हणजे स्टिक मागे उचलून जोरात फटका मारण्याचा, मोह खूप होतो, पण माझं ऐका, आधी हा शॉट हातात बसू द्या.