ऑपरेटिंग सिस्टिम रिस्क-फाइव्हवर नेताना या चुका टाळा

सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या कारखान्यासाठी रिस्क-फाइव्ह (प्रोसेसरची एक खुली रचना) बोर्डावर कंट्रोलर तयार करायचा असो, वा नाशिकमधला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असो, इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारी मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिम तेथे नेताना कंपायलरने (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) चूक दाखवली नाही म्हणजे काम झाले, असा समज होतो. प्रत्यक्षात त्रासदायक चुका कंपायलरला दिसतच नाहीत.

बोर्ड सुरू करूनही कन्सोलवर काहीच उमटत नसेल, तर आधी सिरियल केबल तपासावी, ३.३ व्होल्टच्या पोर्टला ५ व्होल्टची केबल लावल्यास तो कायमचा बिघडू शकतो. केबल ठीक असेल, तर संशय पेज टेबलवर, म्हणजे आभासी पत्त्यांची खऱ्या मेमरी पत्त्यांशी सांगड घालणाऱ्या तक्त्यावर, घ्यावा. प्रोसेसरच्या एसएटीपी रजिस्टरमधून पेजिंग (या तक्त्याचा वापर) सुरू करताच पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता आभासी पत्ता म्हणून वाचला जातो, आणि तो मॅप केलेला नसेल, तर प्रोसेसर थेट ट्रॅपमध्ये, म्हणजे चूक हाताळणाऱ्या कोडकडे, जातो. त्यातच सिरियल पोर्टचे रजिस्टर मॅप करायचे राहिले असेल, तर चूक कळवणारा कोडही तसाच ट्रॅपमध्ये पडतो आणि बोर्ड निमूट बसतो. म्हणून पेज टेबलला हात लावण्यापूर्वी ओपनएसबीआय या फर्मवेअरमार्फत अक्षर छापण्याची सोय करावी, कारण ते कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पेज टेबलवर अवलंबून नसते.

याहून चिवट चूक मेमरीच्या क्रमाची. इंटेलवर एका कोअरने आधी डेटा आणि मग 'तयार' असा फ्लॅग लिहिला, तर दुसऱ्या कोअरला ते त्याच क्रमाने दिसते. रिस्क-फाइव्हवर मध्ये फेन्स (मेमरीचा क्रम पाळायला लावणारी इन्स्ट्रक्शन) नसल्यास तशी हमी नाही. इंटेलच्या लॅपटॉपवरील क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ही चूक बहुधा दिसत नाही, त्यामुळे केवळ तेथील चाचणीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

एखादा प्रोग्राम अनंत लूपमध्ये अडकला, तर सी भाषेतील गेटकॅर या अक्षर वाचणाऱ्या फंक्शनचे उत्तर 'कॅर' (एका अक्षराच्या) प्रकारात साठवले आहे का, ते पाहावे. इनपुट संपले की गेटकॅर उणे एक देते. रिस्क-फाइव्हवर कॅर चिन्हरहित असल्याने त्यात उणे एक कधीच सापडत नाही. तेथे 'इंट' (चिन्हासह पूर्णांक) वापरावा. लिनक्स कर्नलने तर ६.२ आवृत्तीपासून सर्वच आर्किटेक्चरवर कॅर चिन्हरहित केला.

सगळे पूर्ण झाल्यावरच पॅच (कोडमधील बदल) मूळ प्रकल्पाकडे पाठवू, हेही टाळावे. लिनक्समध्येही हे काम टप्प्याटप्प्याने आले. जानेवारी २०१८ मधील लिनक्स ४.१५ मध्ये रिस्क-फाइव्हचा केवळ गाभा होता. इंटरप्ट कंट्रोलरचा (उपकरणांचे संकेत प्रोसेसरपर्यंत पोहोचवणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर त्यानंतर ४.१९ आवृत्तीत आला.