ठासणीची रायफल सीझनआधी कशी सेट करायची: आधी नळी, मग साइट

आमच्या कोकणातल्या घरी आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, डुकरं भातात उतरली की ते नुसता आवाजाचा बार काढायचे. मी आता इकडे कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला जी .५० ची, म्हणजे अर्ध्या इंची नळीची रायफल वापरतो ती दिसायला नवीन आहे पण जात तीच, नळीच्या तोंडातून दारू ओता, गोळी ठासा, मागून पेटवा. (भारतात शिकार बंद आहे, हे सगळं इथल्या लायसन्सवाल्यांसाठी.) सप्टेंबरच्या मधल्या नऊ दिवसांचा सीझन, आणि बार एकच, दुसरा भरेपर्यंत एल्क पुढच्या डोंगरावर गेलेला असतो. म्हणून तयारी जुलैत सुरू करा, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रेंजवर धावत जाणाऱ्यांचे हाल मी दरवर्षी बघतो.

सामान. कोलोरॅडोच्या ठासणी सीझनला स्कोप म्हणजे दुर्बीण चालत नाही, सॅबो म्हणजे गोळीभोवतीची प्लॅस्टिकची टोपी चालत नाही, औषधाच्या गोळ्यांसारखी दाबलेली पावडर चालत नाही, सुटीच लागते. एल्कला किमान .५० कॅलिबर. त्यामुळे तुमच्या शेजारच्या राज्यातल्या मित्राचा लोड, म्हणजे दारू-गोळीचं प्रमाण, इथे कॉपी करू नका, त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक उघडून बघा. पावडर फक्त काळी दारू किंवा तिचा पर्याय, आणि स्मोकलेस म्हणजे आधुनिक काडतुसांतली बिनधुराची पावडर आपल्या या गनमध्ये एक चमचासुद्धा नाही, त्याने नळी फुटते आणि हात जातात. पावडर मापानेच घ्यायची, डब्यातून थेट नळीत कधीही ओतायची नाही कारण आत निखारा राहिला असेल तर आख्खा डबा हातात पेटतो. आणि ग्रेन म्हणजे ग्रॅम नव्हे, एका ग्रॅममध्ये साधारण १५.४ ग्रेन बसतात.

लोड. मॅन्युअलमधल्या खालच्या आकड्यापासून सुरू करा, ५-५ ग्रेन वाढवत जा, प्रत्येकाचे तीन बार, ज्याचा घोळका, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, सगळ्यात लहान तो घ्या. मॅक्झिममच्या वर जायचं नाही. जास्त दारू म्हणजे जास्त चांगलं असं सांगणारे लोक तुमचा खांदा आणि पैसे दोन्ही घालवतात. माझी रायफल ३५० ग्रेनच्या शिशाच्या गोळीला ८० वर जमते, ८५ ला घोळका पसरतो, विषय संपला.

आता खरं काम, नळी.

पहिल्या वर्षी माझे बार १०० यार्डांवर सात-आठ इंच पसरायचे. मी साइट (नेम धरायची खाच) हलवली, गोळी बदलली, पावडर बदलली, चार डबे गोळ्या संपल्या, आणि ज्याला विचारावं तो नवीन गोळीचं नाव सांगायचा. सगळे सल्ले चुकीच्या जागी होते. गोळीत काही बिघाड नव्हता, माझी नळी प्रत्येक बारला वेगळी होती. एक बार तेल लागलेल्या नळीतून, दुसरा मळलेल्या, तिसरा त्याहून मळलेल्या नळीतून. ही दारू जळली की आत काजळीचा थर सोडते, आणि माझ्या पावडरीत तर जिथे दारू संपून गोळी सुरू होते तिथेच एक कडक कडं धरतं, काच ओरबाडल्यासारखं गजाला (गोळी ठासायच्या दांड्याला) जाणवतं. पुढची गोळी त्या कड्यावर येऊन अडकते. तुम्हाला वाटतं बसली, पण ती दारूपासून वर असते. हे नुसतं नेम बिघडवणारं नाही, धोकादायक आहे, गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहिली की नळी फुगू शकते, फाटूसुद्धा शकते.

त्यामुळे गजावर खुणा केल्याशिवाय पहिला बारसुद्धा भरू नका. नळी रिकामी असताना गज तळापर्यंत घाला, तोंडाशी बारीक खूण करा. मग तुमच्या लोडने बार नीट भरून तोंडाशी दुसरी खूण. मी खाचेत पांढरा नेलपॉलिश भरलाय, पहाटेच्या अंधारातही दिसतो. यापुढे प्रत्येक बारला दुसरी खूण तोंडाशी आलीच पाहिजे. रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी वर राहिली तरी तो बार मोजायचा नाही, अजून दाबून बसवायचा, नाहीच बसला तर उडवायचा नाही, गोळी काढायची आणि नळी साफ करायची. गज भरताना नळीच्या तोंडावर चेहरा किंवा छाती आणायची नाही, हे मी मुलाला दर वेळी सांगतो आणि स्वतःलाही.

दोन बारांच्या मध्ये पॅच मारायचा, म्हणजे गजाच्या टोकाला कापडाचा तुकडा लावून नळी पुसायची, दर वेळी, एकही न चुकवता. "तीन बारांपर्यंत काही होत नाही" हे माझ्या रायफलमध्ये खोटं ठरलंय. पण इथेच मी दुसरी चूक केली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. मी पॅच पाण्यात चांगला भिजवून एका झटक्यात तळापर्यंत ढकलायचो. त्याने सगळी काजळी चिखलासारखी खाली ब्रीच प्लगच्या (नळीच्या मागच्या बुचाच्या) भोकात जाऊन बसायची. मग चाप ओढला की प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) फट्‌ करायचा आणि पुढे काही नाही. एकदा तर फट्‌ झालं, मी मान वर करायला लागलो आणि तेवढ्यात बार उडाला. नळी टार्गेटकडेच होती म्हणून निभावलं. असं झालं की नळी समोरच ठेवून किमान एक मिनिट थांबायचं, त्याआधी हलायचं नाही.

बरोबर पद्धत अशी. पॅच ओला नाही, दमट. जिभेवर एकदा फिरवला की जेवढा होतो तेवढाच, बोटांत पिळला तर थेंब पडता कामा नये. सहा-आठ इंच खाली, थोडं वर, पुन्हा खाली, असं तुकड्यातुकड्याने तळापर्यंत, कडं जिथे आहे तिथे तीन-चार वेळा. बाहेर काढला की पॅच उलटवून पुन्हा एकदा. मग कोरडा पॅच. तो बाहेर आला की बघा, राखाडी चालेल, चिकट काळा असेल तर अजून एक कोरडा.

मग बार भरा आणि गोळी एकाच दाबाने बसवा. गज आपटायचा नाही, काही लोक गज उडी मारेपर्यंत ठोकतात, त्याने मऊ शिशाचं नाक चपटं होतं आणि दारूही दर वेळी वेगळी दबते. सावकाश ढकला, गोळी बसली की तळहाताने एक ठाम दाब, खूण बघा, गज बाहेर, आणि प्रायमर अगदी शेवटी, नळी टार्गेटकडे असताना.

हे जमलं त्या दिवशी तीच गन, तीच गोळी, पहिल्या वर्षीचीच पावडर, आणि तीन भोकं माझ्या मुठीखाली झाकली गेली. मी तो कागद गॅरेजमध्ये लावलाय.

साइट. आता हात लावा, आधी नाही, आणि एका बारावरून नाही, तीन बारांच्या मध्यावरून. मागची साइट जिकडे गोळी न्यायची तिकडे सरकते, माशी म्हणजे पुढची साइट उलटी. किती ते अंदाजाने करू नका, हिशोब सोपा आहे. माझ्या दोन साइटमध्ये २० इंच अंतर, ५० यार्ड म्हणजे १८०० इंच, गोळी ३ इंच खाली पडली तर ३ गुणिले २० भागिले १८००, म्हणजे ०.०३३ इंच मागची वर. व्हर्नियर कॅलिपरने मोजा. आधी ५० वर, मग १०० वर. माझी १०० ला बरोबर लागते आणि १५० ला साधारण १० इंच खाली जाते, म्हणून मी १५० ला मारतच नाही. टेबल सोडून गुडघ्यावर बसून ९ इंची पेपर प्लेटवर मारून बघा, जिथे एक जरी बाहेर गेला तिथे तुमची हद्द संपली. जखमी एल्क दोन दिवस जंगलात वणवण करत मरतो, त्यामुळे यात मी कोणाचं ऐकत नाही.

थंड नळी. हे कोणी करत नाही आणि करायलाच पाहिजे. जनावरावरचा बार नेहमी पहिलाच असतो, तेव्हा रेंजवरचा पाचवा बार कुठे लागतो याला अर्थ नाही. मी ऑगस्टमध्ये चार वेगवेगळ्या सकाळी जातो, दर वेळी एकच बार, एकाच कागदावर, शेजारी तारीख लिहून. आधी तेल पुसायचं, मग रिकाम्या नळीत जॅगवर (गजाच्या टोकाला पॅच धरणाऱ्या तुकड्यावर) कोरडा पॅच तळाशी टेकवून एक प्रायमर उडवायचा. पॅच बाहेर काढला की मधोमध काळा भाजलेला ठिपका दिसला पाहिजे. दिसला तर भोक मोकळं आहे. नाही दिसला तर ब्रीच प्लग काढा, साफ करा, पुन्हा.

संध्याकाळी घरी आल्यावर गरम पाणी आणि भांड्याचा साबण, त्याच दिवशी, मग तेल, प्लगच्या आट्यांना ग्रीस.

आणि डोंगरावर रायफल तोंड खाली करून खांद्याला लावली असेल तर गोळी हळूहळू पुढे सरकते. दर दोन तासांनी थांबा, आधी प्रायमर काढा, मग गज घालून पांढरी खूण तोंडाशी आहे का बघा.