आडव्या बाटलीसाठी फेर धरताना: नव्या कलापथकांसाठी अनुभवाचे चार बोल

गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान घडवायचं आणि त्यासाठी फेर, भारूड, पथनाट्य हाताशी धरायचं, असं ठरवून हल्ली बऱ्याच मुली या कामात येतात. कुणी नाट्यशास्त्र शिकलेली असते, कुणी कथक करता करता लोकनृत्याकडे वळलेली, कुणी समाजकार्याच्या क्षेत्रकार्यातून आलेली. प्रयोग कसा बसवायचा, ढोलकीवाला कसा शोधायचा, हे तुम्हाला येतं असं मी धरून चालते. न येणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कुठल्याच कार्यशाळेत शिकवत नाहीत.

महाराष्ट्र सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली आणि उत्पादन शुल्क खात्याने त्या सह्या पडताळल्या, की गुप्त मतदान लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं मात्र घाईत वाचलं जातं. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला पडलेली मतं एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. झालेल्या मतदानाच्या नाही, यादीतल्या एकूण नावांच्या. (मी गावाबद्दल बोलतेय. शहरातल्या वॉर्डाचा हिशेब कार्यालयात जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.)

हे परत सांगते, कारण एकदा सांगून कुणाच्याच डोक्यात शिरत नाही, आमच्याही शिरलं नव्हतं. समजा यादीत १,२०० बायका आहेत. ७०० मतदानाला आल्या. त्यातल्या ५६० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, १४० जणींनी उभ्या. एकास चार. सरपंचाच्या निवडणुकीत एवढ्यावर गुलाल उधळून डीजे लागला असता. इथे तुम्ही हरलात, कारण ६०१ हवी होती. ज्या ५०० जणी आल्याच नाहीत त्यांनी काहीही न करता दुकान चालू ठेवलं. दुकानदाराला हे गणित तुमच्या आधी कळलेलं असतं. तो उभ्या बाटलीचा प्रचार करत बसत नाही. बायका त्या दिवशी घराबाहेर पडू नयेत किंवा गावातच नसाव्यात, एवढं त्याला पुरतं. मग अचानक देवदर्शनाची फुकट गाडी निघते, कुणाच्या तरी रानात दुप्पट रोजाने खुरपणी निघते.

आणि यादी म्हणजे तरी काय? तिच्यात वारलेल्या आज्या असतात. लग्न होऊन दहा वर्षं झालेल्या लेकी असतात. नवऱ्याबरोबर चाकणला खोली करून राहिलेल्या सुना असतात. ही सगळी नावं तुमच्या विरोधातली मतं आहेत, आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही. म्हणून ढोलकीला हात लावायच्या आधी मतदार यादी मिळवा, गावातल्या दोन चौकस बायकांना घेऊन बसा, आणि मयत व कायमची गाव सोडलेली नावं काढायला फॉर्म नंबर ७ भरून बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्या. त्याला वेळ लागतो. मतदान जाहीर झाल्यावर हे करायला गेलात तर काही उपयोग नाही. कलापथकाने कागदपत्रांत पडू नये, कलेचं काम कलेने करावं, असं सांगणारे मार्गदर्शक तुम्हाला भेटतील. त्यांना चहा पाजा आणि यादी घेऊन निघा.

आता याचा नाचाशी संबंध. आमचा सगळ्यात रंगलेला प्रयोग नागपंचमीचा. पारापुढे फेर धरला, तर आतल्या फेराबाहेर दुसरा फेर, त्याबाहेर तिसरा. म्हाताऱ्यांनी गळ्यातून काढून दिलेली गाणी, मध्येच आमची नवी कडवी, फुगड्या, झिम्मा. एवढ्या बायका आम्ही कुठल्याच गावात एकत्र पाहिल्या नव्हत्या आणि गाव जिंकलं असंच सगळ्यांना वाटलं. पण पंचमीला फेर धरतं कोण? माहेरवाशिणी! त्यांची नावं सासरच्या गावात. आणि ज्यांची नावं या गावात, त्या सुना त्याच दिवशी आपापल्या माहेरी फेर धरून नाचत होत्या. मतदानाच्या दिवशी रांगेत ओळखीचे चेहरे शोधत राहिलो. गर्दी खरी होती, टाळ्या खऱ्या होत्या, फक्त मतं दुसऱ्या गावची होती.

म्हणून तारखेचा विचार तालमीइतकाच करा. पाथर्डी, शेवगाव, बीडच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला बाहेर पडतात आणि परततात ते मार्च-एप्रिलकडे. त्या महिन्यांत मतदान लागलं तर कितीही सुंदर नाचा, अर्धी यादी कारखान्यावरच्या कोप्यांत आहे. सह्यांचं निवेदन कधी द्यायचं, हे तुमच्या हातात असतं. ते तुमच्या सोयीने देऊ नका.

चौकातल्या मोठ्या प्रयोगाचा मोह सगळ्यांना होतो. फोटो चांगला येतो, देणगीदार खूश होतात. पण चौकात पुढे बसतात पुरुष आणि पोरं. बायका दारातून, गच्चीवरून, फार तर देवळाच्या भिंतीआडून बघतात. असा प्रयोग एकच करा, तोही शेवटी. बाकी सगळं वाडीवस्तीवर. वीस मिनिटांचा फेर, हापशाजवळ किंवा बचत गटाच्या बैठकीआधी, बायका रानातून परतल्यावर आणि चुली पेटायच्या आत. लाऊडस्पीकर नको म्हणजे परवानगीचा घोळ कमी आणि रात्री दहाच्या मर्यादेची धास्ती नाही. पोलीस ठाण्यात पत्र मात्र द्याच, आणि त्यावर पोच घ्या. फेर संपला की तुमच्यातली एक यादी घेऊन बसेल आणि आलेल्यांच्या नावांवर खूण करेल. ज्यांच्या नावावर खूण नाही त्यांच्यासाठी पुढचा फेर. आठच बायका जमल्या म्हणून तोंड पाडू नका. आठ जणींच्या फेरात त्या तुमच्याशी बोलतात, चारशेंच्या गर्दीत नुसत्या बघतात.

हळदीकुंकवाच्या आधाराने बायका पटकन जमतात, हे खरं. पण दारूने ज्यांचा संसार खाल्ला त्यातल्या कितीतरी जणी विधवा असतात, आणि त्या हळदीकुंकवाला येत नाहीत, त्यांना बोलावलंही जात नाही. मंगळागौरीचंही तेच. म्हणजे ज्यांचा आवाज सगळ्यात खणखणीत लागला असता, त्यांनाच तुम्ही दाराबाहेर ठेवता. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची बातमी आम्ही एका वस्तीवर वाचून दाखवली होती. नंतर फेरात पहिला हात धरायला एक विधवा मावशीच उठल्या. त्यांच्या मागोमाग बाकीच्या आल्या. कार्यक्रमाचं नाव ‘झिम्मा-फुगडी’ ठेवा, ‘हळदीकुंकू’ ठेवू नका. एवढ्यानेही फरक पडतो.

नाच नेमका कशासाठी, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. भाषण केलं असतं तर चाललं नसतं का? नसतं चाललं, आणि कारण अगदी साधं आहे. मतपत्रिका हातात आली की गोंधळ होतो. दारू बंद करायला आलेल्या बायका घाईत उभ्या बाटलीवर शिक्का मारून जातात, कारण रोज बघण्यातली बाटली उभीच असते आणि तिच्यावर शिक्का मारला म्हणजे तिच्यावर फुली मारली, असं वाटतं. हे तोंडी सांगितलं तर पाचव्या मिनिटाला विसरलं जातं. आम्ही फेराच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक हस्तक, म्हणजे हाताची खूण, घातला. मूठ उभी धरायची, समेवर ती आडवी करायची, आणि त्याच ठेक्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्यावर दाबायचा. शब्द काहीच नाहीत. दहा कडवी म्हणजे दहा वेळा. ज्यांना अक्षर ओळखता येत नाही त्यांच्याही हाताला ते लागतं. कथक-भरतनाट्यम शिकलेल्यांनो, इथे नजाकत घालू नका. सत्तरीच्या आजीला कंबर न वाकवता करता आला पाहिजे, तोच हस्तक कामाचा.

दारुड्याबद्दल सांगते. दारुड्याची भूमिका तुमच्या प्रयोगातून काढून टाका. नवीन पथकं हटकून ती ठेवतात, कारण हशा मिळतो. झोकांड्या खाणारा नट प्रयोग खिशात घालतो, पोरं दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल करतात, आणि त्याची बायको कोपऱ्यात पदर डोळ्याला लावून बसलेली कुणाच्या लक्षातही राहत नाही. बघणाऱ्या पुरुषांना तो आपला माणूस वाटतो. आम्ही त्याला स्टेजवर आणणं बंद केलं. फक्त त्याच्या येण्याची चाहूल लागते आणि बायका हातातलं काम टाकून पोरांना, पैशाच्या डब्याला, कोंबडीला लपवायला लागतात, तेवढं नाचात ठेवलं. तिथे बायका हसतात, पण ते हसणं वेगळं असतं.

तयार संहिता मागवू नका. पीडीएफमधून आलेली पथनाट्यं, काळे कुडते, कोरसमध्ये ओरडलेल्या घोषणा, शहरातून आलेला ‘बॉडी मूव्हमेंट’चा तज्ज्ञ, याने गावात काहीही हलत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ते कुणाला पटलं नाही तरी चालेल. सत्यशोधक जलसेवाल्यांनी तमाशाचाच साचा घेतला आणि त्यात आपला विचार भरला. आंबेडकरी जलशांनी तेच केलं, १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकानेही तेच. लोकांना ठेका आधीच ओळखीचा असला की नवा शब्द कानात चटकन बसतो. आपल्याकडे एक जास्तीची सोय आहे. त्या जलशांत बाईचं सोंग बहुतेक पुरुष घ्यायचे. फेर, झिम्मा, जात्यावरची ओवी हा बायकांचाच माल आहे, त्यासाठी स्टेजवर चढावं लागत नाही. आणि रीलवर विसंबू नका. रील तालुक्याच्या गावची पोरं बघतात, यादीतल्या जनाबाईकडे फोन असतो तो मुलाचा.

लावणी करणाऱ्या बायकांना नावं ठेवणारं एकही कडवं घालू नका. ‘दारू आणि तमाशा’ असा जोड शब्द भाषणांत सर्रास येतो. माझ्या पाहण्यात आवाज, ताल आणि गर्दी हाताळणं आम्हाला सगळ्यात नीट शिकवलं ते संगीत बारीत, म्हणजे लावणीच्या फडात, नाचलेल्या एका बाईंनी. मार्गदर्शक निवडायचाच असेल तर असा निवडा. आणि ढोलकीवाल्याला पैसे द्या. ‘सामाजिक काम आहे’ म्हणून त्याचा रोज बुडवणारी पथकं फार काळ टिकत नाहीत.

सह्यांच्या पडताळणीचा दिवस हा दुसरा अवघड दिवस. अधिकारी येऊन ‘ही सही तुमचीच का’ विचारतात. त्या दिवशी घराघरात दबाव असतो, आणि निवेदनात ‘तारा’ लिहिलेलं यादीत ‘ताराबाई’ निघतं. नावं यादीत आहेत तशीच लिहून घ्या. आदल्या संध्याकाळी त्याच वस्त्यांवर पुन्हा एकदा फेर धरा, अगदी छोटा, म्हणजे सकाळी एकटीला भीती वाटत नाही.

धमक्या येतील. बहुतेक वेळा त्या तुम्हाला नसतात, गावातल्या ज्या बाईने तुम्हाला जेवू घातलं तिला असतात. म्हणून एकाच घरी उतरू नका, जेवण वस्तीवस्तीत वाटून घ्या, आणि एखाद्या बाईची गोष्ट नाव बदलूनसुद्धा तिच्याच गावात सादर करू नका. घरात मारहाण होत असेल तर १८१ हा नंबर गाण्याच्या शेवटी सांगा, दोनदा. बाकी घाबरायचं काही कारण नाही. गळा बसतो, कडवं विसरतं, पावसात ढोलकीची शाई उतरते, आणि तरी वस्तीवरच्या बायका तुम्हाला सावरून घेतात. उत्तम नर्तिका असायची गरज मुळीच नाही. नावं लक्षात ठेवणारी हवी.

मतदानाच्या दिवशी मात्र गाऊ नका, नाचू नका. बाहेरगावच्या पोरी केंद्राबाहेर गाताना दिसल्या की समोरचे लगेच तक्रार करतात. ढोलकी गाडीत ठेवा. बायकांची लहान पोरं सांभाळा, गुरांना पाणी दाखवा, म्हाताऱ्यांना आणायला गावातल्याच पोरी पाठवा. दुपार कलली की यादी उघडा, न आलेल्यांची नावं वाडीवार काढा, आणि ज्या वाडीवर जिने फेर घेतला होता तिलाच त्या वाडीवर धाडा.