फोरॅमिनिफेरा: चाळणीपासून नावापर्यंत

फोरॅमिनिफेरा म्हणजे कवच असलेले सूक्ष्म एकपेशी जीव, त्यांची कवचं समुद्रतळाच्या गाळात सापडतात. सुमारे 10 ग्रॅम सुका गाळ पाण्यात रात्रभर भिजवा आणि 63 मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवा. जोराची धार नाजूक कवचं फोडते. एक नमुना संपल्यावर, दुसरा घेण्याआधी चाळणी मिथिलीन ब्ल्यू या रंगात बुडवा. आधीच्या नमुन्यातलं कवच अडकलं असेल तर निळं दिसेल आणि चुकून मोजलं जाणार नाही.

ओव्हन 50 अंशांवर ठेवा. सुकल्यावर 150 मायक्रॉनवरचा भाग घेऊन स्प्लिटरने (नमुना समान वाटणारं साधन) अर्धा-अर्धा करत सुमारे 300 कवचांपर्यंत आणा. चिमटीने उचलून वाटणी करू नका, मोठी कवचं जास्त येतात. ओल्या 000 क्रमांकाच्या बारीक ब्रशने एकेक कवच काळ्या ट्रेमधून उचला.

आता ओळख, दोन प्रजातींची. ग्लोबिजेरिना बुलॉइड्सच्या शेवटच्या वेढ्यात चार फुगीर कप्पे आणि नाभीवर (वेढ्याच्या मधल्या खळग्यावर) एकच मोठं तोंड असतं. ग्लोबिजेरिनॉइड्स रुबरला तीन कप्पे. उलटं करा, पाठीवर जादा तोंडं दिसतील. न उलटता नाव देणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक.

आता नावाचा धनी, म्हणजे प्रजातीचं पहिलं वर्णन करणारा; त्याचं नाव आणि वर्ष प्रजातीपुढे लिहितात. 'बुलॉइड्स दॉर्बिन्यी, 1826' कंसाविना, पण रुबरपुढे '(दॉर्बिन्यी, 1839)' कंसात, कारण प्रजाती नंतर दुसऱ्या वंशात गेली. प्राणिनामांत ती हलवणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत. नॅनोफॉसिल्सना (अतिसूक्ष्म शैवालांचे जीवाश्म) वनस्पतींचे नियम, म्हणून एमिलियानिया हक्सलेयीपुढे '(लोमान) हे आणि मोलर' असे दोन्ही थर: वर्णन लोमानचं, हलवणारे हे (Hay) आणि मोलर (Mohler). कुणी किती प्रजाती वर्णिल्या हे मोजताना कंस असेल तिथे कंसातलं नावच धरा, नाहीतर लोमानचं श्रेय इतरांच्या खात्यात जातं.