एकाच डिशवर दोन टीव्ही चालवायचे असतील तर

घरात दुसरा टीव्ही आला की पहिला प्रश्न हाच, डिश एक, बॉक्स एक, मग आतल्या खोलीत लावायचं कसं. दुकानात विचारलं तर बऱ्याच वेळा हातात एक छोटा केबल स्प्लिटर ठेवतात, डिशच्या वायरीला लावा म्हणे, झालं काम. भाऊ, तो घेण्याआधी हे वाचा.

आधी घरात विचारून घ्या की दोन्ही टीव्हीवर एकच चॅनल चाललं तर चालेल का, का वेगवेगळं पाहिजे. पुढचा सगळा खर्च याच्यावर ठरतो. आबांना सह्याद्रीवरच्या बातम्या आणि त्याच वेळी पोरांना मॅच, असं घर असेल तर एका बॉक्सवर भागणार नाही, कारण बॉक्स एका वेळी टीव्हीला एकच चॅनल देतो.

एकच चॅनल चालत असेल तर काम सोपं आहे. बऱ्याच बॉक्सला मागे एचडीएमआय पण असतं आणि एव्हीच्या पिना पण, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदम चालू असतात, तर जवळचा टीव्ही एचडीएमआयवर आणि लांबचा एव्हीवर टाका. एव्हीवर चित्र थोडं मऊ दिसतं पण बातम्या-सिरियलला काही अडत नाही. दोन्हीकडे एचडी पाहिजे तर एक आत दोन बाहेर असा अ‍ॅडाप्टरवाला एचडीएमआय स्प्लिटर मिळतो, फक्त साधी एचडीएमआय केबल १० मीटरच्या पुढे गेली की चित्र तुटायला लागतं. आतून चॅनल बदलायचं तर आयआर एक्सटेंडर, म्हणजे आतल्या रिमोटचा सिग्नल बाहेरच्या बॉक्सपर्यंत पोचवणारं यंत्र, लावावा लागतो, नाहीतर कोणाला तरी दर वेळी उठून बाहेरच्या खोलीत जावं लागेल.

आता वेगवेगळं चॅनल पाहिजे असेल तर. डिशच्या दांडीवर पुढे जो डबा असतो तो एलएनबी, त्याला करंट बॉक्सकडून त्याच केबलमधून जातो. काही चॅनल उभ्या म्हणजे व्हर्टिकल लहरींवर येतात, काही आडव्या म्हणजे हॉरिझॉन्टल, आणि कोणते हवेत ते बॉक्स व्होल्टवरून सांगतो. १३ व्होल्ट गेले तर एलएनबी व्हर्टिकल सिग्नल देतो, १८ गेले तर हॉरिझॉन्टल, आणि वरच्या बँडसाठी, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनलसाठी, २२ किलोहर्ट्झचा टोन लागतो. एका आउटपुटच्या एलएनबीला स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले आणि एकाने १३ मागितले, दुसऱ्याने १८, तर तो एकाचंच ऐकणार. मग इकडे चॅनल लावलं की तिकडचं जातं आणि लोक म्हणतात बॉक्स खराब निघाला. पहिल्या बॉक्सच्या लूप आउटमधून, म्हणजे डिशचा सिग्नल पुढे देणाऱ्या पिनेतून, दुसरा बॉक्स जोडला तरी हीच भानगड.

म्हणून ट्विन एलएनबी घ्या. त्याला दोन आउटपुट असतात आणि दोन्ही स्वतंत्र, प्रत्येक टीव्हीला आपला बॉक्स आणि थेट डिशपासून आपली केबल. पुढे तिसरा टीव्ही यायचा असेल तर आताच चार आउटपुटचा बसवून टाका. जुना काढायच्या आधी तो दांडीत किती फिरवलेला आहे त्याची मार्करने खूण करा, नवा त्याच अँगलवर बसवा, आणि डिशला अजिबात धक्का लावू नका. फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत सेवेचा, जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे जळगावहून तो आग्नेयेला, साधारण ५८ अंश वर येतो. शेजाऱ्याची डिश दुसरीकडे तोंड करून असेल तर त्याची कंपनी वेगळी असेल, त्याच्याकडे बघून आपली फिरवू नका.

वायर जोडताना दोन्ही बॉक्सची पिन बोर्डातून काढून ठेवा. केबल आरजी-६च घ्या. टोकाचं काम सावकाश करा, वरचं काळं सोलायचं, जाळी मागे दुमडायची, पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या कडेला टेकलं पाहिजे आणि मधली तार दोन-तीन मिलिमीटरच बाहेर. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट, नो सिग्नल. हे चष्मा लावून बघा.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, हलक्या केबलचं कव्हर तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत उतरतं. एलएनबीच्या जोडावर वॉटरप्रूफ टेप गुंडाळा आणि केबलला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, पापड-कुरडया वाळत घालतात, कपड्यांच्या दोऱ्या असतात, तर केबल मधून न आणता भिंतीच्या कडेने क्लिप मारून आणा, कोणाचा पाय अडकला की डिश हललीच समजा.

फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत त्यामुळे दुसरा बॉक्स आणला की काम झालं. टीव्हीतच सॅटेलाइट ट्यूनर असेल तर आधी केबल थेट टीव्हीला लावून सर्च करून बघा, बरेच चॅनल तसेच लागतात. पैसे भरायच्या डीटीएचचं तसं नाही, तिथे दुसरा बॉक्स तुमच्याच खात्यावर मल्टी टीव्ही म्हणून घ्यावा लागतो, कोणाचा जुना बॉक्स आणून लावला तर चालणार नाही. २०२० मध्ये ट्रायने, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामक संस्थेने, दुसऱ्या टीव्हीच्या नेटवर्क फीला (चॅनलच्या पैशांशिवाय जोडणीचे जे पैसे लागतात त्यांना) पहिल्या टीव्हीच्या फीच्या ४० टक्क्यांची मर्यादा घातली होती, पण २०२४ पासून फी ठरवायचं कंपन्यांवरच सोडलंय, तर फोन करून दर नीट विचारा, चॅनलचे पैसे वेगळे का तेही विचारा.

सगळं जोडून झालं की दोन्ही बॉक्सच्या मेनूत सिग्नल बघा. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य दिसली तर एलएनबीला करंट जातोय पण डिशचं तोंड चुकलंय, किंवा मध्ये निंबाची फांदी आलीय. एकाच बॉक्सला क्वालिटी नसेल तर दोन्ही केबली आपसात बदलून बघा, खराबी दुसऱ्या टीव्हीवर गेली तर केबल नाहीतर एलएनबीचं ते आउटपुट, तिथंच राहिली तर बॉक्स.