मंडळीत (चर्चमध्ये) एकेकाला भेटून आधार देताना या चुका टाळा

घरात मृत्यू झाला किंवा मोठं दुखणं निघालं की पहिले काही दिवस माणसं मावत नाहीत. नंतर जो तो आपल्या कामाला लागतो आणि खरं एकटेपण तेव्हा सुरू होतं. त्या काळात एकाने एकाला नेमाने भेटावं म्हणून काही मंडळ्या साध्या सभासदांना तयार करतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये १९७५ साली पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉक यांनी सुरू केलेली ‘स्टीफन मिनिस्ट्री’ ही त्यातली प्रसिद्ध पद्धत. तिथे आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. तरी चुका होतातच, आणि बहुतेक चांगल्या हेतूनेच.

गुपित सर्वांत सहज फुटतं ते प्रार्थनासभेत. “नाव घेत नाही, पण एका बहिणीच्या घरी फार ताण आहे, मुलगा ऐकत नाही, तिच्यासाठी प्रार्थना करू या.” नाव घ्यायची गरजच काय? अर्ध्या माना तिच्या बाकाकडे वळलेल्या असतात. चुगली करणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते कळतं. इथे बोलणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. म्हणून आधी तिलाच विचारा, “हे सभेत मांडू का?” ती “नको” म्हणाली, तर विषय संपला. काय बोलणं झालं हेच नव्हे, तुम्ही तिला भेटता हेसुद्धा गुपितच. नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचं नाही. अशा भेटी देणाऱ्या सेवकांच्या आढावा बैठकीत स्वतःची अडचण मांडा: “समोरचा रडला की मी घाईने बोलायला लागतो.” यावर चर्चा व्हायला कुणाचं नाव लागत नाही.

आणि तोंडून गेलंच तर? तिच्या कानावर दुसऱ्याकडून जायच्या आत स्वतः जाऊन सांगा. “मी फक्त प्रार्थनेसाठी म्हटलं” ही सबब देऊ नका.

याच्या उलट चूक म्हणजे “मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊन बसणं. जीव द्यायचे विचार, मुलांवर अत्याचार, कुणाच्या जिवाला धोका, यातलं काही कळलं तर गप्प राहता येत नाही. पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगा. तशी वेळ आली, तर त्याच दिवशी या सेवेच्या प्रमुखांना कळवा आणि तज्ज्ञांची मदत मिळवून द्या. तुम्ही समुपदेशक नाही.

बायबलमधली वचनं तोंडावर फेकू नका. बायबलमधल्या, दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे रोमकरांस पत्रातलं वचन खरं असेलही, पण मातीहून परतलेल्या आईला ते ऐकवायचं नसतं. तिला देवावर रागवायचं असेल तर रागवू द्या, स्तोत्रकर्तेही रागावले आहेत. प्रार्थना करायची का, तेही तिलाच विचारा.

उसने पैसे देऊ नका. पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला भेटावं, हा नियम जुनाट वाटला तरी पाळा.

समोरचा माणूस भेट सारखी पुढे ढकलत असेल, तर त्याला ही सेवा हवी होती की घरच्यांनी गळ्यात मारली, ते सरळ विचारा. “नको होती” म्हणाला, तर रुसू नका. आभार मानून थांबा, आणि पुढे कधी वाटलं तर प्रमुखांना सांगता येईल एवढं त्याच्या कानावर घाला.